साधा गळ आणि सहकुटुंब ट्राउट

ट्राउट मासा पकडायला लागणारे सामान इतके थोडके आहे, की त्याच्या भरवशावर सहकुटुंब नदीवर जाण्याचा बेत कोणीही आखावा. नायलॉनची दोरी, तिच्या टोकाला दहा नंबरचा गळ, गळाच्या वर ३०-४५ सेंटिमीटरवर दाबून बसवलेला वजनाचा मणी, त्याच्याही वर तरंगणारे बूच आणि गळावर एक गांडूळ. या आकाराच्या गळांत नंबर जितका मोठा तितका गळ लहान असतो. पण मेहुण्याला हे मान्य नसल्यामुळे तो मोठ्या माशाच्या आशेने सोळा नंबर मागून घेतो आणि हातात आलेला चिमुकला गळ पाहून माझ्यावर चिडतो.

काठ्या ज्याच्या त्याच्या असल्या तरी गांडुळांचे खाते माझ्याकडे असते. गांडूळ दोन ठिकाणी टोचून त्याचे टोक मोकळे सोडायचे, म्हणजे ते पाण्यात वळवळते. हे काम बघवत नाही म्हणून सर्वजण पाठ फिरवून उभे राहतात आणि ते नीट झालेले नाही, असे त्याच स्थितीत सांगतात. मुलगी डब्यातल्या गांडुळांना नावे देते व एकदा नामकरण झालेले गांडूळ गळाला लावू देत नाही, त्यामुळे दुपारपर्यंत निनावी गांडुळांची तीव्र टंचाई निर्माण होते. गाठीचे प्रकरण याहून नाजूक आहे. दोरीला पाच वेढे देऊन गाठ आवळण्यापूर्वी ती ओली करावी लागते, कारण कोरडी आवळल्यास घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन कमजोर होते. आणि ओली करण्याचा हाताशी असलेला उपाय म्हणजे थुंकी. गांडुळे हाताळलेल्या बोटांतली दोरी मी तोंडात धरलेली पाहिल्यापासून आत्या माझ्या हातचे काही घेत नाहीत.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून वाहत येणाऱ्या अन्नाची वाट पाहतो, म्हणून आमिष त्याच्यापासून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकून सहज वाहू द्यावे, असा नियम आहे. वडिलांनी हा नियम इतका मनावर घेतला, की ते सर्वांच्या वर जाऊन बसले आणि त्यांची दोरी वाहत येऊन क्रमाने प्रत्येकाच्या दोरीत गुंतली. शिवाय पाण्याखालून माशाला वरचे जग सुमारे ९७ अंशांच्या गोल खिडकीतून दिसते, तेव्हा काठावर वाकून राहावे, हे मी समजावले. आमच्या घरच्यांनी त्या खिडकीत सामूहिक छायाचित्रासाठी उभे राहावे तशी रांग धरली. माणसांच्या बोलण्याचा आवाज पाण्यात फारसा उतरत नाही, पावलांचे हादरे मात्र माशाला जाणवतात, ही माहिती देणे तर फारच महागात पडले, कारण तेव्हापासून मंडळी जागचे न हलता भांडू लागली.

अखेर बूच बुडाले. काठी पत्नीची होती, गळ मुलीने फेकला होता, आणि पत्नी बुटाची नाडी बांधत असल्याने काठी त्या क्षणी आत्यांच्या हातात होती. मासा ठेवण्याजोगा मोठा नव्हता. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघू नये म्हणून हात ओले करून मी गळ सोडवला आणि त्याला पाण्यात सोडले. एवढ्यात तो नेमका कोणी पकडला यावर तीन पक्ष पडले होते. चौथा पक्ष मेहुण्याचा, त्याच्या मते सोळा नंबर असता तर मासा मोठा निघाला असता.