‘पेशंटला काय विचारायचं, रिपोर्ट बघा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्यात एकच मेसेज माझ्या तीन ग्रुपांवर आला. आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या, शाळेतल्या मैत्रिणींच्या आणि कहर म्हणजे नर्सिंगच्याही. मजकूर थोडक्यात असा: ‘व्यक्तिकेंद्री सेवा’ (म्हणजे पेशंटला त्याचा त्रास आणि रोजचं जगणं विचारून त्याप्रमाणे उपचार ठरवणं) हे परदेशी खूळ आहे, पेशंट काहीही सांगतो, खरं काय ते रिपोर्ट सांगतो, सिस्टरांनी प्रश्नावल्या भरण्यापेक्षा सलाईन बघावं, आणि आपल्याकडे एवढा वेळ आहे कुणाला? खाली टाळ्यांची रांग. मी बावीस वर्षं वॉर्डात काढली, आता नर्सिंग शिकवते. गप्प बसवेना.

आधी ‘पेशंट काहीही सांगतो’ हे घेऊ. २०१५ साली इटलीतल्या संशोधकांनी कॅन्सरवरच्या उपचारांच्या तीन चाचण्यांमधल्या १,०९० पेशंटांची उत्तरं त्यांच्याच डॉक्टरांच्या नोंदींशेजारी ठेवून पाहिली. मळमळ, उलट्या, जुलाब, बद्धकोष्ठ, भूक मरणं, केस गळणं असे सहा त्रास. पेशंटांनी ‘होतोय’ म्हणून सांगितलेला त्रास डॉक्टरांच्या कागदावर न उतरण्याचं प्रमाण कुठल्या त्रासाला ४१ टक्के होतं, तर कुठल्या त्रासाला ७४. डॉक्टर वाईट होते असं नाही. मळमळ रक्ताच्या रिपोर्टात येत नाही, एवढंच. ज्याला होते त्यालाच ती विचारावी लागते.

‘हे सिस्टरांचं काम नाही’ म्हणणाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलातला अभ्यास जरूर बघावा. पसरलेला कॅन्सर असलेले ७६६ पेशंट. त्यांतल्या एका गटाने बारा नेहमीच्या लक्षणांची नोंद स्वतः टॅब्लेटवर किंवा घरच्या कॉम्प्युटरवर करायची. त्रास वाढला की ईमेल थेट नर्सला. दर चार इशाऱ्यांपैकी तीनांहून जास्त वेळा नर्सने लगेच काहीतरी केलं. २०१७ मध्ये निकाल आले: नोंद करणाऱ्या गटातले निम्मे पेशंट ३१.२ महिन्यांहून जास्त जगले, नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांतले निम्मे २६ महिन्यांहून. एकाच हॉस्पिटलचा अभ्यास आहे, मान्य. पण पाच महिने म्हणजे काय, ते कॅन्सरच्या पेशंटच्या घरी विचारा.

आता वेळेचं. हा आक्षेप मला सगळ्यात जवळचा, कारण तीस खाटांमागे दोन सिस्टर ही ड्युटी मीही केली आहे. आमच्याकडे एक आजोबा होते, मंडईत भाजीचा गाळा. हृदय कमकुवत, पाय सुजलेले, चार महिन्यांत तिसऱ्यांदा ॲडमिट. केसपेपरवर लाल शाईत शेरा: ‘औषधं नियमित घेत नाहीत’. एका रात्री बीपी घेताना मी सहज म्हटलं, ‘‘आजोबा, पहाटेपासून तुमचा दिवस कसा जातो ते सांगा की.’’ म्हणाले, ‘‘सिस्टर, ती लघवीची गोळी घेतली की दर अर्ध्या तासाला उठावं लागतं. गाळा कुणाच्या भरवशावर सोडू?’’ म्हणजे धंद्याच्या दिवशी गोळी बंद. सकाळच्या राउंडला डॉक्टरांच्या कानावर घातलं. गोळी तीच ठेवून वेळ दुपारची केली, गाळा बंद करून घरी आल्यावर. ते बोलणं जेमतेम पाच मिनिटांचं. त्याआधी तीनदा ॲडमिट करण्यात किती तास गेले, ते कुणी मोजले नव्हते.

स्वीडनमध्ये गोथेनबर्ग विद्यापीठात इंगर एकमन या नर्सिंगच्या प्राध्यापिकेने नेमकं हेच पद्धत म्हणून बांधलं: आधी माणसाची हकीगत ऐकायची, मग त्याच्याबरोबर बसून बेत ठरवायचा, आणि ठरलेलं केसपेपरवर लिहायचं. २०१२ च्या त्यांच्या हृदयरुग्णांच्या अभ्यासात ही पद्धत जिथे पूर्ण पाळली गेली, तिथे हॉस्पिटलातला मुक्काम सुमारे अडीच दिवसांनी घटला. सगळे पेशंट धरले तर फरक एका दिवसाचाच, आणि तो योगायोगाचाही असू शकेल. म्हणजे अर्धवट पाळून फारसं हाती लागत नाही. वेळ वाया गेला, असं मात्र त्यातून निघत नाही.

राहिलं ‘परदेशी खूळ’. इथे मेसेजवाल्याला अर्धे मार्क देते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वापरतात ती ऑक्सफर्डची बारा प्रश्नांची यादी घ्या. जिना, खरेदी, खुर्चीतून उठणं, सगळं आहे. मांडी घालून बसता येतं का, हे नाही. भारतीय संडासात बसता येतं का, हेही नाही. आमच्या आज्यांचं निम्मं दुखणं तिथेच असतं. ‘दहापैकी किती दुखतं?’ विचारलं की त्या गोंधळतात. ‘रुपयातलं किती आणे कमी झालं?’ विचारलं की पटकन उत्तर येतं, ‘‘बारा आणे बरंय गं.’’

पण प्रश्न परके वाटले, तर आपल्या भाषेत घडवून घ्यावेत. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डोकं-मानेच्या कॅन्सरच्या पेशंटांसाठी जगण्याच्या दर्जाविषयीची युरोपातली तीस प्रश्नांची यादी हिंदी-मराठीत तपासून घेतली, त्याचा निबंध २००५ सालचा आहे. माझ्या विद्यार्थिनी सध्या गुडघ्याच्या पेशंटांना यादीबाहेरचे दोन प्रश्न विचारतात, मांडीचा आणि संडासाचा. परवा एक आजी दुसऱ्या प्रश्नावर आधी लाजल्या. मग म्हणाल्या, रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही. त्यांच्या एक्स-रेखाली ‘उत्तम’ असं लिहिलेलं होतं.