हेल्मेट एक साइज मोठं घेऊ नका

भाच्याने पहिली बाइक घेतली आणि दुसऱ्याच दिवशी मला एक मेसेज पुढे पाठवला. खाली त्याचा प्रश्न होता: "मामा, मग एक्सएल घेऊ ना?" हा मेसेज मला याआधीही तीन-चार जणांकडून आलाय, कदाचित तुमच्यापर्यंतही पोचला असेल. मजकूर थोडक्यात असा: हेल्मेट आपल्या मापापेक्षा एक साइज मोठंच घ्यावं. घट्ट हेल्मेटने डोकं दुखतं, रक्तपुरवठा अडतो, केस गळतात, हॉर्न ऐकू येत नाही. सैल असलं तरी पट्टा आवळला की ते निघत नाही. कुठे टोचत असेल तर आतलं थर्माकोल चमच्याने दाबून जागा करावी. बाकी मानकाचा शिक्का असलेलं आणि हाताला जड लागणारं हेल्मेट घेतलं की काळजी नको.

यातली एक तक्रार खरी आहे. हेल्मेटने पुष्कळांचं डोकं दुखतं, आणि म्हणूनच हा मेसेज लोकांना पटतो. पण दुखण्याचं कारण त्यात चुकलंय, त्यामुळे उपायही चुकलाय.

डोकं दुखतं ते बहुतेक वेळा आकार न जुळल्यामुळे. हेल्मेटवरचा साइज म्हणजे फक्त डोक्याचा घेर. भुवयांच्या साधारण अडीच सेंटिमीटर वरून आणि मागे डोकं जिथे सगळ्यात फुगीर आहे तिथून टेप फिरवली की तो मिळतो. समजा दोघांचा घेर 58 सेंटिमीटर आला. तरी वरून पाहिलं तर एकाचं डोकं पुढून मागे लांबोळकं असतं, दुसऱ्याचं गोलसर. लांबोळकं डोकं गोलसर हेल्मेटमध्ये गेलं की कपाळ दाबलं जातं आणि कानशिलांपाशी पोकळी राहते. गोलसर डोकं लांबट हेल्मेटमध्ये गेलं की उलट होतं, कानशिलं चेपली जातात आणि कपाळापुढे बोट जाईल एवढी फट राहते. दोघांचंही डोकं अर्ध्या तासात ठणकायला लागतं, आणि दोघेही म्हणतात, "घट्ट होतंय."

आता लांबोळक्या डोक्याच्या माणसाने तेच मॉडेल एक साइज मोठं घेतलं, तर कपाळावरचा दाब कमी होईल, हे खरं. पण कानशिलांपाशी आधीच असलेली पोकळी आणखी वाढेल. दुखणं गेलं, पण हेल्मेट आता डोक्यावर नुसतं ठेवल्यासारखं झालं. त्याला हवं होतं वेगळ्या आकाराचं मॉडेल, त्याच साइजचं. हेल्मेट बनवणारे लांबट, मधल्या आणि गोलसर अशा वेगवेगळ्या घडणीची मॉडेल्स काढतात. फक्त लेबलवर ठळक असतो तो साइज, घडण नव्हे. ती डोक्यात घालूनच कळते.

योग्य घट्टपणा कसा लागतो, हे सांगितलंच पाहिजे, कारण पहिल्यांदा घेणाऱ्याला योग्य हेल्मेटही घट्टच वाटतं. दाब सगळीकडून सारखा हवा, दोन्ही हातांनी कुणी डोकं धरावं तसा. गाल वर ढकलले जातात, बोलताना आतून दाताखाली येतात. हे नव्या हेल्मेटमध्ये ठीक आहे. गालाचे पॅड मऊ फोमचे असतात आणि साधारण पंधरा-वीस तास वापरल्यावर ते बसतात. कपाळामागे मात्र पातळशा फोमखाली लगेच थर्माकोल असतं, आणि ते वापरून सैल होत नाही. म्हणून गाल दाबले जात असतील तर ते हेल्मेट घ्यायला हरकत नाही. कपाळावर किंवा कानशिलावर रुपयाएवढी जागा दुखत असेल तर ते परत ठेवा, मग ते कितीही आवडलेलं असो. आणि पहिल्याच दिवशी अंगठीसारखं सुखात बसणारं हेल्मेट महिन्याभरात सैल होणार, हेही धरून चाला.

मी स्वतः दोन वर्षं एक साइज मोठं हेल्मेट वापरलंय, असाच सल्ला ऐकून. त्याची खूण मला फार उशिरा कळली. लेन बदलण्याआधी खांद्यावरून मागे पाहायला मी मान वळवायचो, तर डोकं वळायचं आणि हेल्मेट अर्ध्यावर राहायचं. काचेच्या चौकटीची कड डोळ्यासमोर यायची. मी सवयीने डाव्या हाताने हेल्मेट सरळ करायचो. एका हाताने बाइक, एका हाताने हेल्मेट, तेही नेमकं लेन बदलताना. वेग वाढला की वारा हनुवटीखालून आत शिरायचा, हेल्मेट वर उचललं जायचं आणि पट्टा गळ्याला लागायचा. लांबच्या प्रवासानंतर मान धरायची, त्याचं खापर मी बाइकच्या सीटवर फोडत होतो.

रक्तपुरवठ्याचं आणि केसांचं थोडक्यात सांगतो. टाळूला अनेक रक्तवाहिन्यांतून भरपूर रक्त मिळतं. ते अडेल एवढा दाब देणारं हेल्मेट वेदनेमुळे कुणी डोक्यावर ठेवूच शकणार नाही. टक्कल पडण्यामागे बहुतेक वेळा आनुवंशिकता आणि हॉर्मोन असतात. घासून केस तुटतात हे खरं, पण घासायला हेल्मेट हलावं लागतं, आणि हलतं ते सैल हेल्मेट.

हॉर्नचंही तसंच. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या चमूने लॉस एंजेलिस भागातल्या 900 मोटरसायकल अपघातांचा प्रत्यक्ष जागेवर जाऊन अभ्यास केला. त्यांचा अहवाल 1981 मध्ये आला. हेल्मेटमुळे रहदारीचे महत्त्वाचे आवाज ऐकू न आल्याने किंवा नजर अडल्याने अपघात झाला, असं त्यात आढळलं नाही. बाजूचं दिसण्यासाठी तर नियमच आहे: मधल्या रेषेपासून दोन्हीकडे किमान 105 अंश मोकळे हवेत. कानाला खरा त्रास होतो तो वाऱ्याच्या आवाजाचा, आणि सैल हेल्मेटमध्ये तो मानेखालच्या फटीतून जास्त आत येतो.

मेसेजमधलं सगळ्यात धोक्याचं वाक्य आहे ते पट्ट्याबद्दलचं. पट्टा आवळला की हेल्मेट निघत नाही, हे कुणीही घरबसल्या तपासू शकतो. हेल्मेट घाला, पट्टा नीट लावा, मान थोडी खाली घ्या. मागे उभ्या असलेल्या माणसाला सांगा की मानेकडची कड दोन्ही हातांनी धर आणि वर-पुढे ढकल. माझ्या त्या जुन्या हेल्मेटवर हे धाकट्या भावाने केलं, तेव्हा पट्टा लागलेला असताना हेल्मेट माझ्या नाकावरून खाली आलं आणि डोक्याची मागची बाजू पूर्ण उघडी पडली. त्याने फार जोरही लावला नव्हता. पट्ट्याची दोन टोकं कानांच्या आसपास जोडलेली असतात, त्यामुळे हेल्मेट त्या जागी बिजागरीसारखं फिरतं. ते फिरण्यापासून थांबवतात गालाचे पॅड आणि डोक्यामागच्या उंचवट्याखाली बसणारी कड. ही पकड सैल हेल्मेटमध्ये नसतेच. तिची जागा पट्टा घेऊ शकत नाही, कितीही आवळला तरी. आणि फार आवळला तर गिळता येत नाही, मग माणूस वैतागून तो उघडाच ठेवतो.

युरोपात वापरल्या जाणाऱ्या ईसीई 22 या मानकात नेमकी हीच चाचणी आहे. हेल्मेटच्या मागच्या कडेला हुक अडकवतात आणि 10 किलोचं वजन अर्ध्या मीटरवरून सोडून झटका देतात. हेल्मेट 30 अंशांपेक्षा जास्त फिरलं तर ते नापास. म्हणजे मानक लिहिणाऱ्यांना एकट्या पट्ट्यावर भरवसा ठेवता आला नाही.

इथेच शिक्क्याचा मुद्दा येतो. शिक्का हवाच, त्याशिवायचं हेल्मेट घेऊ नका. पण शिक्का काय सांगतो ते बघा. चाचणीसाठी वेगवेगळ्या मापांची कृत्रिम डोकी वापरतात, घेर 50, 54, 57, 60 आणि 62 सेंटिमीटर. ज्या मापाचं हेल्मेट, त्या मापाचं डोकं. 60 च्या डोक्यासाठी बनवलेलं हेल्मेट 57 च्या डोक्यावर घालून कुणी पास करत नाही. ती चाचणी दुकानात आपण स्वतःच्या डोक्यावर करत असतो.

आता सैल हेल्मेट डोक्यावर टिकलं, निसटलं नाही, असं धरू. तरीही नुकसान आहे. ईसीईच्या मुख्य आघात-चाचणीत हेल्मेट सेकंदाला 7.5 मीटर, म्हणजे ताशी 27 किलोमीटर वेगाने आपटतात. साधारण 2.9 मीटर उंचीवरून पडल्यावर येतो तेवढा हा वेग. तो शून्यावर आणायला हेल्मेटकडे थर्माकोलची काही सेंटिमीटर जाडी एवढंच अंतर असतं. समजा 3 सेंटिमीटर पूर्ण कामी आले, तर डोक्याला सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या शंभरपटीच्या आसपास धक्का बसतो. अंतर निम्मं झालं की धक्का दुप्पट. मानकाची कमाल मर्यादा 275 पट आहे, म्हणजे हिशोब किती काटेकोर आहे ते लक्षात येईल.

लोकांना वाटतं, आतली फट म्हणजे जादा गादी. फटीत काहीच नसतं, त्यामुळे ती वेग मुळीच कमी करत नाही. हेल्मेट रस्त्यावर आपटून थांबायला लागतं, डोकं आत त्याच वेगाने पुढे जात राहतं आणि मग थर्माकोलवर आपटतं. शिवाय हेल्मेट तोवर फिरलेलं असलं, तर जिथे जाडी हवी होती तिथे कड आलेली असते.

म्हणूनच चमच्याचा उपाय वाचून मला राग येतो. थर्माकोल एकदाच चेपलं जातं, स्पंजसारखं परत फुगत नाही. चमच्याने दाबलेली जागा म्हणजे आधीच अपघात होऊन गेलेली जागा, आणि तीही कपाळापाशी. गालाचे पॅड बदलता येतात, बऱ्याच मॉडेल्सना कमी-जास्त जाडीचे मिळतातही. ते जरूर बदला. थर्माकोलला बोटसुद्धा लावू नका.

जडपणाबद्दल एवढंच: फुल-फेस हेल्मेट साधारण दीड किलोच्या आसपास असतं. त्याहून जड म्हणजे जास्त मजबूत असं काही नाही. मजबुती कवचाच्या साहित्यावर आणि थर्माकोलच्या घनतेवर ठरते, आणि वजन सगळं मानेवर येतं.

भाच्याला मी फोनवर टेप फिरवायला लावली. साडेसत्तावन्न भरले. दुकानातून त्याने व्हिडिओ कॉल केला, एम साइज घातलेलं. "मामा, गाल पार दबलेत." मी म्हटलं, हेल्मेट दोन्ही हातांनी धर आणि डावी-उजवीकडे हलव. भुवयांची कातडी हेल्मेटबरोबर सरकत होती, म्हणजे साइज बरोबर होता. तसंच वीस मिनिटं बस, चष्मा लावून, म्हटलं. काढल्यावर कपाळ कॅमेऱ्यासमोर आणलं त्याने: मधोमध लालभडक पट्टा, कानशिलांवर काहीच नाही. ते परत ठेवलं. दुसरं, लांबट घडणीचं, त्याच साइजचं घातलं आणि पुन्हा वीस मिनिटं. या वेळी कपाळ आणि कानशिलं दोन्हीकडे फिकट गुलाबी, सारखीच. मग दुकानातल्या माणसाला मागून ढकलायला सांगितलं. हेल्मेट भुवयांपर्यंत आलं आणि तिथेच अडलं.