फोटोतली गाडी ती रेस जिंकलेलीच नाहीये

काल परत तोच फॉरवर्ड आला, या वेळी भाच्याकडून, आणि वर "मामा, हा मी शाळेच्या प्रोजेक्टला लावतोय" असं. म्हणून आता लिहितोच. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: एका चंदेरी जुन्या कूपेचा, म्हणजे बंद छपराच्या दोन दारी गाडीचा फोटो, खाली मजकूर की हीच ती बीएमडब्ल्यू 328 जिने 1940 ची मिले मिलिया, म्हणजे इटलीतली रस्त्यावरची प्रसिद्ध रेस जिंकली, ब्रेशा ते रोम आणि परत असे हजार मैल धावून. गाडी आजही जशीच्या तशी आहे, दारावरचा नंबर हाच पुरावा. दुसरी आली ती जगातली पहिली फेरारी. आणि इटालियन लोकांनी म्हणे हिटलरच्या धाकाने जर्मनांना जिंकू दिलं. शेवटी "अभिमान वाटला तर शेअर करा". कसला अभिमान आणि कोणाला, देव जाणे.

आधी फोटो, कारण बाकी सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. 1940 ला बीएमडब्ल्यूने पाच 328 उतरवल्या होत्या, तीन उघड्या रोडस्टर आणि दोन बंद कूपे. सगळा घोळ या दोन कूपेंचा. एक मिलानच्या कारोत्सेरिया टूरिंग या गाड्यांच्या बॉडी करणाऱ्या कंपनीने बांधलेली, 'सुपरलेजेरा' पद्धतीची, म्हणजे बारीक स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा आणि त्याच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. दुसरी म्युनिकला बीएमडब्ल्यूने स्वतः बांधली, वुनिबाल्ड काम या हवेचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापकाच्या विचारावर, म्हणून तिला काम कूपे म्हणतात. जिंकली ती टूरिंगवाली. चालवणारे हुश्के फॉन हानश्टाइन आणि वाल्टर बॉयमर, नंबर 70, सरासरी ताशी 166.7 किलोमीटर. काम कूपे लुरानी आणि कोर्तेझे या इटालियन जोडीकडे होती, आणि तिला रेस पूर्ण करता आली नाही.

आता फोटो नीट बघा, झूम करून बघा. टूरिंगची गाडी आखूड आहे, डोक्यावरची केबिन फुगीर आणि मागे छप्पर पटकन गोल उतरतं. फॉरवर्डमधल्या गाडीचं छप्पर मागे लांबच लांब जातंय, खिडक्यासुद्धा लांबट. ही काम कूपे आहे. पुढची ती उभी किडनीवाली जाळी दोन्हींना आहे, म्हणून लोक नाक बघतात आणि शिक्का मारून मोकळे होतात. अरे, नाकावरून कंपनी कळते, गाडी नाही कळत!

आणि खरी गंमत तर पुढेच आहे. मूळ काम कूपे आज अस्तित्वातच नाही. युद्धातून वाचली, पण नंतर काही वर्षांत तिचा निकाल लागला. आज जी दिसते ती बीएमडब्ल्यूने जुने फोटो आणि कागद बघून नव्याने बांधलेली आहे, 2010 मध्ये लोकांसमोर आणली आणि तेव्हा कंपनीने स्वतःच जाहीर सांगितलं की ही पुनर्बांधणी आहे. लपवाछपवी नाही काही. म्हणजे रंगीत, लखलखीत फोटोत दिसतेय ती 1940 ला न जिंकलेल्या गाडीची 2010 ची प्रत, आणि आपण तिच्याखाली "जशीच्या तशी" लिहून फिरवतोय. हे वाचून तरी प्रोजेक्टमधून तो फोटो काढ रे बाबा.

दारावरचा नंबर हा पुरावा म्हणणाऱ्यांना तर मी कोपरापासून हात जोडतो. नंबर रंगाने काढतात आणि रेस संपली की पुसतात. जिंकलेली टूरिंग कूपे आदल्या वर्षी, 1939 ला, फ्रान्समधल्या ल मॉंच्या 24 तासांच्या रेसला धावली, शाउम्बुर्ग-लिप्पे आणि वेंशर यांच्या हातात, एकूण पाचवी आणि 2 लिटर इंजिनांच्या वर्गात पहिली, आणि तेव्हा दारावर 26 होता. मग काय ती वेगळी गाडी झाली का? आजच्या जुन्या गाड्यांच्या मिले मिलियात तर दर वर्षी नवा नंबर मिळतो. गाडी ओळखायची तर चासी नंबर, म्हणजे सांगाड्यावर कोरलेला नंबर बघा, बॉडी कोणाची ते बघा, आणि त्या दिवसाच्या फोटोशी जुळवा. खरी टूरिंग कूपे आहे अजून, युद्धानंतर कित्येक वर्षं अमेरिकेत होती, मग बीएमडब्ल्यूने परत घेतली, आणि 2004 ला तिने आजची मिले मिलियासुद्धा जिंकली. एवढी सरळ, खरी आणि भारी गोष्ट हाताशी असताना खोटी कशाला फिरवायची?

रोमचं एका वाक्यात. 1938 ला याच रेसमध्ये बोलोन्यात गाडी प्रेक्षकांत घुसली, लहान मुलंसुद्धा गेली, सरकारने अशा रेसवर बंदी घातली, त्यामुळे 1939 ला रेस झालीच नाही आणि 28 एप्रिल 1940 ला झाली ती ब्रेशा-क्रेमोना-मांतुआ या त्रिकोणी रस्त्यावर नऊ फेऱ्यांची, मिळून साधारण 1,500 किलोमीटर. रोमचा संबंध शून्य.

हिटलरच्या धाकाबद्दल, बरं, अर्धं देतो. हानश्टाइनच्या ओव्हरऑलवर एसएसची, म्हणजे नाझींच्या सशस्त्र दलाची खूण होती, फोटोत स्पष्ट दिसते, आणि नाझींना या विजयाचा प्रचार करायचाच होता. पण जिंकू दिलं? आल्फा रोमिओ या इटालियन कंपनीने 2.5 लिटरच्या गाड्या आणल्या होत्या, त्यातली एक जुझेप्पे फारिनाकडे, जो पुढे 1950 ला फॉर्म्युला वनचा पहिला जगज्जेता झाला. तो माणूस कोणाला सोडणारा नव्हता. बीएमडब्ल्यूचं इंजिन 2 लिटरच्याही आत, 1,971 सीसी, पण गाडी हलकी आणि हवेला कमी अडणारी, आणि हा त्रिकोण बराचसा सपाट आणि वेगवान. पहिल्या-दुसऱ्यात पंधरा मिनिटांचा फरक धाकाने नाही पडत.

आणि दुसरी आली ती हीच फारिनाची आल्फा, फेरारी नव्हे. एन्झो फेरारी तेव्हा आल्फाशी झालेल्या करारामुळे स्वतःचं नाव गाडीला लावूच शकत नव्हता, म्हणून त्याच्या दोन गाड्या 'ऑटो एव्हिओ कोस्त्रुत्सिओनी 815' या नावाने उतरल्या, आठ सिलिंडर, दीड लिटर, बरेचसे भाग फियाटचे. एकीवर पुढे जगज्जेता झालेला, तेव्हा कोवळा अल्बर्तो अस्कारी होता. पळाल्या चांगल्या, आपल्या वर्गात पुढेही होत्या, पण दोन्ही मध्येच बंद पडल्या. जी गाडी शेवटपर्यंत पोचलीच नाही ती दुसरी कशी आली, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्यानेच सांगावं.