शेंड्याचं राजकारण

जगातल्या सर्वांत उंच इमारतींचं ते चित्र परत फिरायला लागलंय. सगळ्या एका रांगेत, शाळेत उंचीप्रमाणे उभ्या केलेल्या पोरांसारख्या, आणि खाली मीटरचे आकडे. ग्रुपवर लगेच 'दुबईला तोड नाही' सुरू झालं. माझं मत जरा वाकडं आहे आणि तिथे दोन ओळींत मावणारं नाही, म्हणून इथे लिहितोय.

इमारतीचा शेंडा पाहिला की बांधणाऱ्याला कुणाला खिजवायचं होतं ते कळतं. त्याने डोकं लावलं की नुसता पैसा ओतला, हे बुंध्यावरून कळतं. आणि ही यादी बनते फक्त शेंड्यावरून.

शेंड्याची सगळ्यात मोठी बनवाबनवी न्यूयॉर्कमध्ये झाली. साल १९२९. क्रायस्लर बिल्डिंगचा आर्किटेक्ट होता विल्यम व्हॅन ॲलन. त्याच वेळी वॉल स्ट्रीटवर एका बँकेसाठी ४० नंबरची इमारत उभी करत होता एच. क्रेग सेव्हरन्स. दोघं एकेकाळचे भागीदार, नंतर फाटलेलं. दोघांनाही जगातली सर्वांत उंच इमारत आपलीच हवी. सेव्हरन्स २८३ मीटरपर्यंत पोचला आणि त्याला वाटलं, झालं, जिंकलो. इकडे व्हॅन ॲलनने क्रायस्लरच्या मुकुटाच्या आत, रस्त्यावरून कुणाला दिसणार नाही असा, ५६ मीटरचा पोलादी सुळका तयार ठेवला होता. २३ ऑक्टोबरला तो आतून वर काढला आणि साधारण दीड तासात जागेवर पक्का केला. उंची ३१९ मीटर, म्हणजे आयफेल टॉवरही मागे. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑक्टोबरला, शेअर बाजार गडगडला. कथेत असला योगायोग घातला तर संपादक खोडून टाकेल.

आता माझ्या नियमाने ही इमारत मला आवडायला नको. पण आवडते, आणि भयंकर आवडते. कारण ती कशाच्या पैशावर उभी आहे हे लपवत नाही. ३१व्या मजल्याच्या कोपऱ्यांवर पंख लावलेली, गाडीच्या रेडिएटरची भलीमोठी झाकणं आहेत आणि विटांच्या पट्ट्यात चाकं. ६१व्या मजल्यावर गरुडांची डोकी बाहेर झेपावलेली, तीही क्रायस्लर गाडीच्या बॉनेटवरच्या शोभेवरून घेतलेली. वर स्टेनलेस स्टीलच्या कमानीवर कमानी, त्यात त्रिकोणी खिडक्या. मोटारी विकणाऱ्या वॉल्टर क्रायस्लरने मोटारीचंच देऊळ बांधलं, तेही कंपनीच्या नाही, स्वतःच्या पैशाने. व्हॅन ॲलनला मात्र फीसाठी कोर्टात जावं लागलं आणि पुढे त्याला तसं मोठं काम कधीच मिळालं नाही.

क्रायस्लरचा हा मान जेमतेम अकरा महिने टिकला. १ मे १९३१ रोजी एम्पायर स्टेट बिल्डिंग उघडली. तिच्यामागे होता जॉन रास्कॉब, जनरल मोटर्समधला जुना बडा माणूस, म्हणजे इथेही मोटारवाल्याची मोटारवाल्याशीच चुरस. तिच्या टोकावरचा मनोरा हवाई जहाजं, म्हणजे वायूने फुगवलेली, माणसं नेणारी अजस्र यानं, बांधून ठेवायला आहे, असं जाहीर केलं होतं. एवढ्या उंचीवरच्या वाऱ्यात ते फुगे स्थिर राहणार कसे, हे बहुधा कुणी विचारलंच नसावं. एकदा एक लहान जहाज काही मिनिटं कसंबसं लटकलं, तेवढंच. इमारत वर्षानुवर्षं अर्धी रिकामी होती, लोक तिला 'एम्प्टी स्टेट' म्हणायचे. पुढे त्या मनोऱ्यावर रेडिओ-टीव्हीचे अँटेना आले आणि थापेला रोजगार मिळाला.

आता बुंध्याकडे येतो. माझा खरा हिरो आहे फजलूर खान. जन्म ढाक्याचा, १९२९ चाच, पुढे शिकागोत स्ट्रक्चरल इंजिनिअर. उंच इमारतीची खरी अडचण तिचं वजन नाही, वारा आहे. जितकं वर जाल तितका तो जास्त ढकलतो, आणि जुन्या पद्धतीने आत खांबांची दाटी करत गेलात तर पोलादाचा खर्च हाताबाहेर जातो. खानने खांब बाहेरच्या भिंतीत जवळजवळ आणले आणि अख्खी इमारत एक पोकळ नळी केली. वाकायला सगळ्यात अवघड आकार. शिकागोच्या सिअर्स टॉवरमध्ये (आताचं नाव विलिस टॉवर) अशा नऊ चौकोनी नळ्या एकमेकींना बांधल्या आहेत, प्रत्येकीची बाजू साधारण २३ मीटर. दोन नळ्या ५०व्या मजल्यावर थांबतात, दोन ६६व्या, तीन ९०व्या. उरलेल्या दोनच थेट वर, ४४२ मीटरपर्यंत. बाहेरून दिसणाऱ्या पायऱ्या म्हणजे नुसती नक्षी नाही, ती इमारत उभी कशी राहते त्याचा नकाशाच आहे. दिसायला ती काळी, रुक्ष, जरा माणूसघाणी आहे हे कबूल. पण खोटं काही बोलत नाही.

तिचा पहिला नंबर गेला तो मात्र खोटेपणानेच, हे माझं ठाम मत. क्वालालंपूरचे पेट्रोनास टॉवर ४५२ मीटर. सिअर्सचा वापरातला सर्वांत वरचा मजला पेट्रोनासच्या वरच्या मजल्याहून बराच उंच. तरी १९९६ मध्ये 'काउन्सिल ऑन टॉल बिल्डिंग्ज' या संस्थेने निकाल दिला की पेट्रोनासवरचा सुळका हा रचनेचा भाग म्हणून मोजायचा आणि सिअर्सवरचे अँटेना नाहीत. शिकागोवाले खवळले. मग समजुतीसाठी संस्थेने निरनिराळ्या मोजण्या काढल्या. पण मलेशियालाही नावं ठेववत नाहीत. आर्किटेक्ट सीझर पेल्लीने मजल्याचा आराखडा इस्लामी नक्षीतल्या आठ टोकांच्या ताऱ्यावरून घेतला आणि दोन बुरुजांमध्ये ४१-४२व्या मजल्यावर पूल टाकला. बुरुज वाऱ्यात वेगवेगळे हलतात, म्हणून तो पूल दोन्ही टोकांना घट्ट आवळलेला नाही, सरकू शकतो. मला तो पूल शेंड्यांपेक्षा जास्त बोलका वाटतो.

अमेरिकेने याच नियमाचा फायदा पुढे घेतलाच. वन वर्ल्ड ट्रेड सेंटरचं छप्पर ४१७ मीटरवर, जुन्या उत्तर टॉवरएवढंच. वरचा खांब धरून उंची १७७६ फूट, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं साल. त्या खांबाचं आवरण खर्चापायी गाळलं, मग तो सुळका की अँटेना यावर वाद, आणि २०१३ मध्ये निकाल सुळक्याच्या बाजूने. जिथे इतकी माणसं गेली तिथे फुटांचा हिशोब जुळवत बसणं मला खटकतं. खाली जुन्या टॉवरांच्या जागी केलेले पाण्याचे दोन चौकोनी खड्डे त्या खांबापेक्षा कितीतरी जास्त सांगतात.

आणि बुर्ज खलिफा. ८२८ मीटर, त्यातले वरचे २४४ मीटर कुणाच्याच वापरातले नाहीत. हा माझा हिशोब नाही, वर सांगितलेल्या संस्थेनेच २०१३ मध्ये मांडलेला आहे. पण बुंधा? तिथे मी गप्प बसतो. तीन पाकळ्यांचा पाया, मधल्या गाभ्याला तिन्ही बाजू टेकू देतात. वर जाताना पाकळ्या एकेक करून मागे सरत जातात, त्यामुळे प्रत्येक उंचीवर इमारतीचा आकार वेगळा आणि वाऱ्याला एका तालात झोके द्यायला जमत नाही. हे काम आर्किटेक्ट एड्रियन स्मिथ आणि इंजिनिअर बिल बेकर यांचं, खानच्याच जुन्या फर्ममधली माणसं. मजूर मात्र बहुतेक भारत, पाकिस्तान, बांगलादेशचे, आणि मार्च २००६ मध्ये मजुरीवरून साइटवर त्यांचा भडका उडाला होता. नाव आधी होतं बुर्ज दुबई. डिसेंबर २००९ मध्ये अबू धाबीने दुबईला कर्जातून सोडवायला दहा अब्ज डॉलर दिले आणि पुढच्याच महिन्यात, उद्घाटनाच्या दिवशी, इमारतीला अबू धाबीच्या शेखांचं नाव लागलं. एवढी उंची गाठूनही शेवटी सावकाराचं नाव लावावं लागतं.

आपल्या परळ-वरळीच्या टॉवरांवर वेगळं लिहीन. शेंड्यावर बोलायच्या आधी तिथे खालच्या पार्किंगच्या मजल्यांवर बोलावं लागेल. फुटपाथवरून चालणाऱ्याला टॉवर दिसतच नाही, दिसते ती कोरी भिंत.

सध्या सगळ्यांचे डोळे सौदी अरेबियातल्या जेद्दावर आहेत. किलोमीटरभर उंचीचा टॉवर, डिझाइन पुन्हा स्मिथचंच. २०१८ मध्ये काम ठप्प झालं होतं, जानेवारी २०२५ मध्ये परत सुरू झालं. तो पूर्ण झाला की हे चित्र नव्याने फिरणार आणि मला परत टॅग करणार, माहीत आहे. त्याच जेद्दाच्या विमानतळावर खानच्या टीमने हज यात्रेकरूंसाठी टर्मिनल उभं केलं. कापडी तंबूंचं प्रचंड छत, बाजू उघड्या, गरम हवा वरून निघून जाते आणि खाली हजारो माणसं सावलीत थांबतात. उंचीच्या कुठल्याच यादीत ते येणार नाही. जेद्दात मी एकच गोष्ट बघायची ठरवली तर तेच बघेन.