पांढऱ्यावर पांढरं मामीला दिसत नाही

‘घर पांढरं करा, सुखी व्हा’ हा मेसेज दिवाळीपासून आमच्या नात्यातल्या तीन ग्रुपवर फिरतोय. दोनदा मी तो न वाचताच सोडून दिला. तिसऱ्यांदा तो मामेभावाने, म्हणजे दादाने, पाठवला आणि त्याच्याखाली बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या त्यांच्या हॉलचे चार फोटो टाकले. भिंती पांढऱ्या, सोफा पांढरा, टीपॉय पांढरा, खालच्या टाइल्सही पांढऱ्या. खाली लिहिलं होतं, ‘आईच्या डोळ्यांसाठी केलं.’ मामी 78 वर्षांची आहे. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्यात काचबिंदू आहे. रविवारी तिला भेटून आले आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. पांढऱ्या भिंतींनी घर थंड राहतं. आपल्या पूर्वजांचे वाडे पांढरेच असायचे आणि पांढऱ्यात जंतू टिकत नाहीत. जुनं गडद फर्निचर घासून पांढरं केलं की घर मोठं दिसतं. वयस्कर माणसांच्या डोळ्यांना पांढऱ्याने आराम मिळतो, त्यांना सगळं स्पष्ट दिसतं. आणि पांढरं पिवळं पडलं तर ब्लीचमध्ये टॉयलेट साफ करायचं लिक्विड मिसळून घासायचं.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण त्याने माणसाचा जीव जाऊ शकतो. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. टॉयलेटच्या बहुतेक लिक्विडमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, 1915 साली, बेल्जियममधल्या ईप्रजवळ खंदकांतल्या सैनिकांवर सोडला तो हाच वायू. तो हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. आणि आपल्याकडे बाथरूम घासणारी बाई उकिडवी बसलेली असते, दार लोटलेलं, खिडकी वीतभर. मामीकडे दोन्ही बाटल्या कोपऱ्यात शेजारी शेजारी ठेवल्या होत्या, वर एक रिकामा मग. कामाला येणाऱ्या बेनला सोमवारी करायला सांगून ठेवलं होतं. मी ॲसिडची बाटली उचलून लांब ठेवली आणि तिला तिथूनच फोन करून सांगितलं, हे दोन कधीही एकत्र करायचे नाहीत, एकामागोमाग एकाच फरशीवरही नाहीत. कोणी चुकून मिसळलंच आणि खोकला, डोळ्यांची आग सुरू झाली, तर काम तिथेच टाकून मोकळ्या हवेत यायचं. बादली ओतून देण्यासाठीसुद्धा आत थांबायचं नाही.

आणि एवढा धोका पत्करून पिवळेपणा जातही नाही. दारांना, कपाटांना जो ऑइल पेंट लावतात तो उजेड मिळाला नाही की पिवळा पडतो. भिंतीला लागून ठेवलेलं पांढरं कपाट वर्षभराने सरकवून बघा, मागची बाजू पुढच्यापेक्षा पिवळी दिसेल. तो मळ नव्हे. रंगातलं तेलच पिवळं झालेलं असतं, ते घासून निघणार कसं?

घर थंड राहतं, यात अर्धं खरं आहे आणि ते मला मान्य करावं लागतं. फक्त ते गच्चीबद्दल खरं आहे. बडोद्याचं मे महिन्यातलं ऊन दिवसभर स्लॅबवर पडतं आणि रात्री उशिरापर्यंत तो स्लॅब खाली उष्णता सोडत राहतो. गच्चीवर चुना मारला किंवा चायना मोझॅक, म्हणजे पांढऱ्या टाइलचे तुकडे, बसवलं की बरंचसं ऊन वरच्या वर परत जातं. 2010 च्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत खूप माणसं गेली, त्यानंतर 2013 मध्ये तिथल्या महापालिकेने हीट ॲक्शन प्लॅन, म्हणजे उष्णतेपासून बचावाचा आराखडा, केला आणि पुढे वस्त्यांमधल्या घरांची छपरं पांढरी रंगवली. छपरं रंगवली, हॉल नाही. ऊन खिडकीतून आतल्या भिंतीवर येईपर्यंत उष्णता घरात शिरलेलीच असते. पांढऱ्या भिंतीने उजेड जास्त पसरतो, हेही कबूल. आमच्या दांडिया बाजारातली घरं अरुंद आणि आत खोलवर गेलेली, तिथे पांढऱ्या छताचा उपयोग होतो. छत ठेवा पांढरं.

पूर्वजांचे वाडे पांढरे होते असं ज्याने लिहिलं, त्याने रावपुऱ्यातला तांबेकर वाडा आतून पाहिलेला नाही. भाऊ तांबेकर 1849 ते 1854 या काळात बडोदा संस्थानचे दिवाण होते. त्यांच्या वाड्याच्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत आणि पुरातत्त्व खातं त्या आजही सांभाळतंय. लहानपणी मामीनेच मला तिथे नेलं होतं. राहिला जंतूंचा मुद्दा. ताजा चुना इतका अल्कलीधर्मी असतो की त्यात जंतू मरतात, हे खरं. पण हवेने तो हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि तो गुण जातो, म्हणून तर दरवर्षी नव्याने चुना मारायचे. दादाच्या हॉलला लावलाय तो प्लास्टिक पेंट. त्यात चुन्याचा गुण यायचा कुठून?

आता फर्निचर. मामीच्या पुढच्या खोलीत संखेड्याचा झोपाळा आहे, तिच्या लग्नात आलेला. संखेडा बडोद्यापासून तास-दीड तासावर. तिथले खराडी लोक सागाच्या कातीव कामावर कथलाच्या वर्खाच्या लगद्याने वेलबुट्टी काढतात आणि वरून लाखेचा थर देतात. आपल्याला जी सोन्याची वेल दिसते ती मुळात कथलाची रुपेरी वेल असते, लाखेतून पाहिल्यावर सोनेरी दिसणारी. शेवटी अकीकाच्या दगडाने घासून तिला चकाकी आणतात. मामी दुपारी तिथे बसून पेपर वाचते, आणि उजव्या हाताखालच्या कठड्यावरची वेल हात फिरून फिरून पुसट झाली आहे. हा झोपाळा पॉलिश पेपरने घासून पांढरा करायला रंगारी बुधवारी येणार होता. लाख गेली की खालचं कथिलही जातं, आणि ते घरी कुणाला परत करता येणार नाही. घर मोठं दिसावं म्हणून?

जुन्या दारांचं तर याहून वाईट. भारतात घरगुती रंगांतलं शिसं 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत 90 भागांच्या, आत ठेवण्याचा नियम 2016 साली झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत शिसं असू शकतं. तीस-चाळीस वर्षांची दारं कोरडी घासली की त्या रंगाची धूळ घरभर उडते. दादाचा नातू अजून रांगतोय, हाताला लागेल ते तोंडात घालतोय. शिशाने लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो आणि तो भरून येत नाही.

आणि आता ज्या ओळीसाठी हे सगळं लिहिलं ती. ‘वयस्करांना पांढऱ्यात सगळं स्पष्ट दिसतं.’

मामीने चहा आणला. पांढरा कप, पांढरा टीपॉय. कप ठेवण्याआधी तिने करंगळीने टीपॉयची कड चाचपली, मग कप टेकवला. माझ्या लक्षात आलं, पण मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने बोलण्याच्या नादात ती चाचपायची विसरली. कप अर्धा कडेबाहेर टेकला आणि खाली गेला. ‘हल्ली माझे हात थरथरतात,’ ती म्हणाली. तिचे हात थरथरत नाहीत. शेवया अजून तीच वळते.

हॉलमधून स्वयंपाकघरात जाताना एक पायरी उतरावी लागते. पूर्वी तिथे काळा कडप्पा होता, आता वर-खाली एकच पांढरी चकचकीत टाइल. ज्या घरात ती पन्नासहून जास्त वर्षं वावरली, त्या घरात मामी पायरीजवळ थांबते, भिंतीला हात लावते आणि एक पाऊल हवेत पुढे करून जमीन शोधते. बाथरूममध्ये दादाने मुद्दाम तिच्यासाठी धरायची दांडी बसवली आहे, आणि तीही पांढऱ्या टाइलवर पांढरी. मामी तळहात टाइलवरून फिरवत दांडी शोधते. ओल्या फरशीवर उभं राहून.

दादा म्हणाला, ‘डॉक्टरांनी तपासलंय, नंबर चांगला आहे.’ असेल. पण तो तक्ता आठवा. पांढऱ्या फळीवर काळी अक्षरं. डोळ्यांना सगळ्यात सोपं जाणारं तेच. घरातली पायरी काळ्या अक्षरांत लिहिलेली नसते. वयाबरोबर बाहुली लहान होते, डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि फिकट रंगांमधला फरक कळेनासा होतो. काचबिंदूत हा फरक ओळखण्याची ताकद आणखी कमी होते. मोतीबिंदू असेल तर चकचकीत पांढऱ्यावरून येणारा उजेड डोळ्यात विखुरतो आणि समोर नुसता पांढरा पसारा दिसतो. हे तपासायला फिकट होत जाणाऱ्या अक्षरांचा वेगळा तक्ता असतो, त्याला पेली-रॉबसन तक्ता म्हणतात. नेहमीच्या चष्म्याच्या तपासणीत तो सहसा समोर येत नाही.

हे माझ्या मनाचं नाही. केंद्राच्या गृहनिर्माण आणि शहरी व्यवहार मंत्रालयाने 2021 मध्ये सार्वत्रिक सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. इमारतीत कोणालाही अडखळल्याशिवाय वावरता यावं यासाठी ती आहेत, आणि आसपासच्या रंगापेक्षा उठून दिसणारा रंग हा त्यातला वारंवार येणारा मुद्दा आहे. पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी हवी, हे त्यात स्पष्ट आहे. ती सार्वजनिक इमारतींसाठी आहेत, हे दादाने लगेच सांगितलं. मामीचे डोळे स्टेशनवर जे पाहू शकत नाहीत ते घरात कसे पाहतील, एवढंच मी त्याला विचारलं.

रविवारी संध्याकाळी न्यायमंदिराजवळच्या दुकानातून लाल इन्सुलेशन टेपची दोन रिळं आणली. एक दांडीला पूर्ण गुंडाळलं. दुसरं पायरीच्या कडेला लांबवर चिकटवलं, आणि उरलेलं स्विचबोर्डाभोवती. टीपॉयवर मामीची जुनी हिरवी काठाची इरकल घडी करून टाकली. मामी स्वयंपाकघरात गेली तेव्हा पायरीजवळ थांबली नाही.

दादाला लाल पट्टी आवडलेली नाही. हॉलमध्ये ती विचित्र दिसते म्हणतो, आणि खरंच दिसते. पायरीवर पुन्हा कडप्पा बसवायचा की काळी टाइल, यावर त्याचं आणि वहिनीचं अजून ठरायचंय. रंगाऱ्याला मात्र त्याने बुधवारी येऊ नको म्हणून कळवलंय, आणि तो मेसेज ज्या तीन ग्रुपवर आला होता त्या तिन्हीवर मी आता हे टाकते आहे.