मेकॉले, १८४२ आणि कलकत्त्याची कॉन्व्हेंट शाळा : फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

शाळाप्रवेशाचे दिवस आले की व्हॉट्सअ‍ॅपवर एक जुना मजकूर हमखास नव्याने फिरू लागतो. मूळ हिंदीतला हा मजकूर आता मराठीतही सर्रास वाचायला मिळतो आणि त्याचा सारांश असा : लॉर्ड मेकॉलेने १८५८ साली ‘इंडियन एज्युकेशन अ‍ॅक्ट’ तयार केला, त्या कायद्याने देशभरची गुरुकुले बेकायदा ठरवून बंद पाडली, १८४२ साली कलकत्त्यात भारतातली पहिली कॉन्व्हेंट शाळा उघडली, तिला तेव्हा ‘फ्री स्कूल’ म्हणत, कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथील विद्यापीठेही त्याच कायद्याने निघाली, आणि मेकॉलेने वडिलांना पत्र लिहून कळवले की या कॉन्व्हेंट शाळांतून दिसायला भारतीय, पण डोक्याने इंग्रज अशी मुले बाहेर पडतील. मजकुराच्या शेवटी, कॉन्व्हेंट शाळा म्हणजे इंग्रज सरकारने धर्मांतरासाठी आणि देशी भाषा मारण्यासाठी उभारलेले यंत्र, असा निष्कर्ष काढलेला असतो.

आधी सनावळी पाहू, कारण हा मजकूर स्वतःच्याच सनावळीत अडकतो. १८५८च्या कायद्याने १८४२ साली शाळा कशी उघडली, हा प्रश्न मजकूर पुढे ढकलणाऱ्यांपैकी कोणालाच पडलेला दिसत नाही. तिन्ही विद्यापीठे १८५७ साली तीन स्वतंत्र कायद्यांनी स्थापन झाली, तीही सनाने त्या कथित कायद्याच्या आधीच. ‘इंडियन एज्युकेशन अ‍ॅक्ट, १८५८’ नावाचा कायदा मुळात अस्तित्वातच नाही. शिक्षणविषयक जे दस्तऐवज खरोखर आहेत ते असे : शिक्षणासाठी वर्षाला किमान एक लाख रुपयांची तरतूद करणारा १८१३चा सनदी कायदा, इंग्रजी शिक्षणाची शिफारस करणारे मेकॉलेचे २ फेब्रुवारी १८३५चे टिपण, त्यावरून गव्हर्नर जनरल बेंटिंकने ७ मार्च १८३५ रोजी काढलेला ठराव आणि १८५४चा वुडचा खलिता, म्हणजे लंडनहून आलेला शिक्षणधोरणाचा आदेश. गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचा सदस्य म्हणून मेकॉले १८३४च्या जूनमध्ये भारतात आला आणि १८३८च्या जानेवारीत परत गेला, तो पुन्हा कधीही आला नाही. १८४२ साली तो एडिंबरोचा खासदार म्हणून लंडनच्या पार्लमेंटात बसत होता.

‘फ्री स्कूल’ ही तर निराळीच संस्था. कलकत्त्याची फ्री स्कूल ही अठराव्या शतकाच्या अखेरीस अँग्लिकन (इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या) धर्मादायातून निघालेली प्रोटेस्टंट शाळा होती आणि तिच्यावरून पडलेले फ्री स्कूल स्ट्रीट हे नाव जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही आहे (आज तो मिर्झा गालिब स्ट्रीट). कॅथॉलिक कॉन्व्हेंटशी तिचा काही संबंध नव्हता. ती आणि पुढे येणारी मिडलटन रोवरची कॉन्व्हेंट शाळा एकमेकींपासून फार लांब नव्हत्या, एवढाच काय तो दुवा.

मग १८४२ साली कलकत्त्यात उघडलेली शाळा कोणती? अशी एक शाळा खरोखर आहे आणि तिची कहाणी मजकुरातल्या कहाणीपेक्षा कितीतरी वेधक आहे. ३० डिसेंबर १८४१ रोजी, चार महिन्यांहून अधिक काळ समुद्रावर काढून, आयर्लंडच्या लोरेटो धर्मसंघातल्या बारा जणी कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. त्यांतल्या काही व्रतस्थ सिस्टर होत्या, तर काही अजून उमेदवारीच करत होत्या. मदर डेल्फिन हार्ट त्यांच्या प्रमुख होत्या आणि त्यांना बंगालच्या कॅथॉलिक मिशनने बोलावून घेतले होते. पुढच्याच महिन्यात मिडलटन रोवरच्या एका जुन्या बंगल्यात त्यांनी मुलींची शाळा सुरू केली. कंपनीच्या काळातल्या कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचा पहिला सरन्यायाधीश एलिजा इंपे, म्हणजे वॉरन हेस्टिंग्जवर आरोप करणाऱ्या महाराजा नंदकुमारला फाशी सुनावणारा तोच इंपे, एके काळी या बंगल्यात राहत असे आणि त्याच्या आवारात हरणे पाळलेली होती. पार्क स्ट्रीट हे नाव त्या हरणांच्या बागेवरून आले. आजचे लोरेटो हाउस ते हेच.

या सिस्टर ज्या देशातून आल्या तो देश इंग्लंडच्या राज्याखाली होता आणि तिथले कॅथॉलिक लोक दीडशे वर्षे धर्मभेदाच्या कायद्यांखाली दबलेले होते. आयर्लंडात कॅथॉलिक माणसाने शाळा चालवणे हाच १७८२पर्यंत गुन्हा होता. कॅथॉलिकांना पार्लमेंटात बसण्याचा हक्क मिळाला तो १८२९ साली, म्हणजे या सिस्टर जहाजावर चढण्याच्या अवघी बारा वर्षे आधी. लोरेटो संघाच्या संस्थापक टेरेसा बॉल यांचा जन्म डब्लिनचा, पण शिक्षणासाठी त्यांना लहानपणी इंग्लंडमधल्या यॉर्कच्या कॉन्व्हेंटात पाठवावे लागले होते. अशा समाजातून आलेल्या बायकांना ‘इंग्रज सरकारच्या हस्तक’ म्हणायचे, तर त्यासाठी काहीतरी पुरावा लागेल आणि मजकुरात तो कुठेच नाही. कंपनीच्या फौजेतल्या गोऱ्या शिपायांचा मोठा भाग आयरिश होता, त्यांच्या मुलींची, विधवांची आणि अनाथ लेकरांची कॅथॉलिक पद्धतीने सोय व्हावी, ही मिशनची तातडीची गरज होती. सुरुवातीच्या वर्गांत मुख्यतः युरोपीय आणि युरेशियन (मिश्र युरोपीय-भारतीय वंशाच्या) मुलीच होत्या. भारतीय मेंदू घडवण्याचा कट म्हणून ज्या शाळेकडे बोट दाखवले जाते, त्या शाळेत त्या वेळी भारतीय मुली शोधाव्या लागल्या असत्या.

ती ‘भारतातली पहिली’ होती, हेही खरे नाही. गोव्यात १५४०च्या दशकात सेंट पॉल कॉलेज सुरू झाले, तेव्हा इंग्रजांची कंपनी जन्मालाही यायची होती. सिस्टरांनी चालवलेल्या शाळांपुरते बोलायचे, तरी क्लूनीच्या सेंट जोसेफ संघाच्या फ्रेंच सिस्टर पाँडिचेरीला १८२७ सालीच आल्या होत्या.

आता वडिलांना लिहिलेल्या पत्राकडे वळू, कारण मजकुराचा खरा जोर त्याच्यावर आहे. असे पत्र आहे. १२ ऑक्टोबर १८३६ रोजी मेकॉलेने वडील झॅकरी मेकॉले यांना ते कलकत्त्याहून लिहिले आणि त्यातला एक भाग आजही खटकावा असाच आहे : आपल्या शिक्षणाच्या योजना तडीस गेल्या तर तीस वर्षांनी बंगालच्या प्रतिष्ठित वर्गात एकही मूर्तिपूजक उरणार नाही, असे तो म्हणतो. हे वाक्य लपवण्याचे कारण नाही. पण त्याला लागूनच तो असेही लिहितो की हे धर्मांतराच्या कोणत्याही प्रयत्नावाचून आणि धर्मस्वातंत्र्यात जराही ढवळाढवळ न करता घडेल. हा पुढचा भाग मजकुरातून गाळलेला असतो. ‘दिसायला भारतीय’ हे प्रसिद्ध वाक्य तर या पत्रातले नाहीच, ते १८३५च्या टिपणातले आहे. पत्रात कॉन्व्हेंट शाळांचा उल्लेख असणे शक्यही नव्हते, कारण लोरेटोच्या सिस्टर यायला आणखी पाच वर्षे होती आणि झॅकरी मेकॉले तर १८३८ सालीच वारले.

मग १८३६ साली मेकॉले कोणत्या शाळांबद्दल इतका खुशीत होता? पत्रात तो उदाहरण देतो ते हुगळीचे : एकट्या हुगळीत चौदाशे मुले इंग्रजी शिकत आहेत, असे तो लिहितो. हुगळीचे कॉलेज त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये उघडले होते आणि त्याचा खर्च हाजी मुहम्मद मोहसिन या मुसलमान दात्याने मागे ठेवलेल्या निधीतून चालत होता. मेकॉलेला ज्याचा अभिमान वाटत होता ते शिक्षण असे देशी पैशावर आणि देशी मागणीवर उभे होते. मिशनऱ्यांबद्दल त्याच्या टिपणातच स्पष्ट वाक्य आहे की एतद्देशीयांना ख्रिस्ती करण्याच्या कामात गुंतलेल्यांना आपण सरकारी उत्तेजन देत नाही आणि कधी देऊही नये. हा माणूस उद्दाम होता, संस्कृत आणि अरबी ग्रंथांबद्दल त्याने जे लिहिले ते त्या भाषा न शिकता, केवळ भाषांतरे वाचून लिहिले आणि त्याबद्दल त्याला दोष द्यावा तेवढा थोडाच. पण जे त्याने केले नाही ते त्याच्या माथी मारल्याने, त्याने जे केले त्याचा हिशेब चुकता होत नाही. जाता जाता : ‘मी भारतभर फिरलो, पण एकही भिकारी वा चोर दिसला नाही’ हे त्याच्या नावावरचे वाक्य २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश पार्लमेंटात उच्चारल्याचे सांगतात. त्या दिवशी तो कलकत्त्यात होता.

गुरुकुले कायद्याने बंद केल्याचा दावा सर्वांत भावनिक आहे, म्हणून त्यातले खरे आणि खोटे वेगळे करायला हवे. बंदीचा कायदा कधीच झाला नाही. उलट, पेशवाईच्या अस्तानंतर तीनच वर्षांनी, १८२१ साली, दक्षिणा फंडाच्या (विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देण्याच्या पेशवाईतल्या प्रथेतून उरलेल्या निधीच्या) पैशातून पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा कंपनी सरकारनेच सुरू केली. बनारसचे संस्कृत कॉलेज १७९१चे आणि कलकत्त्याचे १८२४चे. हरिद्वारजवळचे कांगडी गुरुकुल १९०२ साली उभे राहिले, वाईची प्राज्ञ पाठशाळा १९१६ साली निघाली. बेकायदा गोष्टी अशा उजळ माथ्याने उघडता येत नाहीत. तथापि गावोगावच्या देशी शाळा एकोणिसाव्या शतकात खचल्या, हे निर्विवाद आहे. सरकारने नेमलेल्या विल्यम अ‍ॅडमने १८३५ ते १८३८ या काळात बंगाल आणि बिहारमधल्या देशी शाळांची पाहणी केली, तेव्हाच त्यांची आर्थिक ओढाताण दिसत होती. इनामे आणि माफीच्या जमिनी सरकारजमा झाल्या, संस्थानिक व जमीनदारांचा आश्रय आटला, १८३७ साली फारसीचे दरबारी स्थान गेले आणि १८४४ साली गव्हर्नर जनरल हार्डिंगने सरकारी नोकऱ्यांत इंग्रजी शिकलेल्यांना पसंती देण्याचा ठराव केला. पंतोजीकडे मुलगा पाठवून नोकरी मिळत नाही हे दिसल्यावर पालकांनी काय करावे? या साऱ्या प्रक्रियेत मिडलटन रोवरच्या बारा जणींचा वाटा शून्य होता. शिवाय त्या देशी शाळांत मुली जवळपास नव्हत्याच, हेही अ‍ॅडमच्याच अहवालांतून दिसते.

‘इंग्रजांच्या कॉन्व्हेंट शाळा’ हा शब्दप्रयोग मुंबई-पुण्याच्या बाबतीत तर फारच विनोदी ठरतो. धोबी तलावाचे सेंट झेवियर्स १८६९ साली उघडले ते जर्मन जेझुइटांनी, म्हणजे ‘सोसायटी ऑफ जीझस’ या कॅथॉलिक धर्मसंघाच्या फादरांनी. पहिले महायुद्ध पेटल्यावर इंग्रज सरकारने याच जर्मन फादरांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून नजरकैदेत टाकले आणि नंतर मायदेशी रवाना केले. मुंबईचे मिशन पुढे स्पॅनिश जेझुइटांकडे गेले. कलकत्त्याचे सेंट झेवियर्स १८६० साली बेल्जियन जेझुइटांनी काढले, मंगळूरचे सेंट अलॉयशियस १८८० साली इटालियनांनी, तर १८४२च्या अखेरीस आग्र्याला आलेल्या जीझस अँड मेरी संघाच्या सिस्टर फ्रान्समधल्या लियों शहराच्या. सरकारी अनुदान या शाळांना मिळाले, हे खरे. पण १८५४च्या खलित्यानंतर ते धर्म न पाहता लौकिक विषयांच्या शिक्षणासाठी दिले जाई आणि हिंदू, मुसलमान, पारशी संस्थाही ते घेत होत्या.

धर्मांतराचा मुद्दा मात्र झटकून टाकता येणार नाही. मिशनचा हेतू धार्मिक होता आणि मिशनने तो कधी लपवला नाही. अनाथालयातल्या मुलांना त्या धर्मात वाढवले जाई, हा आक्षेप रास्त आहे. पण धर्मांतर झाले कुठे, हे पाहिले तर मजकुराची मांडणी उलटी होते. आपल्याकडे कॅथॉलिक मिशनचा विस्तार झाला तो १८७६-७८च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात, राहुरी-संगमनेरच्या पट्ट्यात, मुख्यतः महार आणि मांग वस्त्यांमध्ये, आणि तिथल्या शाळा मराठी होत्या. इंग्रजी माध्यमाच्या शहरी शाळांतून शिकलेल्यांनी इंग्रजी उचलली, विज्ञान उचलले आणि धर्म आपापला ठेवला. जगदीशचंद्र बोस कलकत्त्याच्या सेंट झेवियर्समध्ये फादर लाफाँ यांच्याकडे भौतिकशास्त्र शिकले आणि ब्राह्मो समाजी घरातले ते ब्राह्मो समाजीच राहिले. त्याच लाफाँनी डॉ. महेंद्रलाल सरकारांना १८७६ साली विज्ञानसंस्था उभारायला मदत केली, सी. व्ही. रामन यांचे नोबेल मिळवून देणारे संशोधन पुढे त्याच संस्थेत झाले. पावणेदोनशे वर्षांच्या कॉन्व्हेंट शिक्षणानंतर, २०११च्या जनगणनेत, पश्चिम बंगालमध्ये आणि महाराष्ट्रातही ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याहून कमीच भरली.

या शाळांवर टीका करायचीच असेल तर ती वर्गभेदावर करावी. फी भरणाऱ्या मुलींसाठी मिडलटन रो आणि अनाथ, गरीब मुलींसाठी कलकत्त्यातल्याच एंटाली भागातली शाळा, अशी विभागणी लोरेटोने पहिल्या काही वर्षांतच केली आणि ती दीर्घकाळ टिकली. गोरेपणाची उतरंडही त्यात मिसळलेली होती. मजकूर याबद्दल अवाक्षर काढत नाही, कारण ज्या पालकांना तो उद्देशून आहे त्यांना कॉन्व्हेंट हवी असते ती याच प्रतिष्ठेसाठी.

राहिला देशी भाषा मारल्याचा आरोप. एंटालीच्या त्याच लोरेटो आवारात सेंट मेरीज ही मुलींची शाळा बंगाली माध्यमाची होती. पुढे मदर तेरेसा म्हणून ओळखल्या गेलेल्या सिस्टर तेरेसा तिथे भूगोल आणि इतिहास शिकवत आणि १९४४ साली त्या तिथल्या मुख्याध्यापिका झाल्या. नगर जिल्ह्यातल्या केंदळला फादर हेन्री डोरिंग या जर्मन जेझुइटाने १९०३ साली ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केले. चारच वर्षांनी ते पुण्याचे बिशप झाले, पण मासिकाची भाषा मराठीच राहिली.