क्रेनजवळ लेन न बदलल्यास दहा हजार दंड? एक खुलासा

बंद पडलेले वाहन उचलणाऱ्या क्रेनजवळून जाताना लेन न बदलल्यास १०,००० रुपये दंड होतो, असा संदेश सध्या साताऱ्यात मोबाइलवर फिरत आहे. त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. उभ्या टोइंग वाहनापासून बाजूच्या लेनमध्ये सरकण्याचा किंवा वेग कमी करण्याचा कायदा अमेरिकेतील आहे. तो तेथील सर्व ५० राज्यांत आहे. आपल्याकडील १०,००० रुपयांचा दंड मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ई मधील असून, तो रुग्णवाहिका, अग्निशमन दल आदींच्या येणाऱ्या आपत्कालीन वाहनांना वाट न देण्याबद्दल आहे.

मात्र दंड नाही म्हणून क्रेनला खेटून जावे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. ताशी ८० किलोमीटर वेगाने वाहन सेकंदाला सुमारे २२ मीटर पुढे जाते, त्यामुळे खंबाटकी घाटाच्या वळणावर, विशेषतः पावसात, हुक अडकवणारा माणूस दिसल्यावर ब्रेक दाबणे बहुधा उशिराचे ठरते. शिवाय तो वाहतुकीकडे पाठ करून वाकलेला असतो. वाहन बंद पडल्यास धोक्याचा त्रिकोण पुरेसा मागे ठेवावा आणि १०३३ या महामार्ग हेल्पलाइनवर कळवावे.